प्रतिसाद: रात्रीच्या दिव्यांखालचा शटर स्पीड

लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याच्या) मानाने शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, मंद ठेवू नये, म्हणजे ५० मिमीच्या लेन्सला किमान १/५० सेकंद ठेवावा, हा मूळ पोस्टमध्ये मांडलेला नियम नवशिक्यांसाठी उपयुक्तच आहे; मात्र तो केवळ छायाचित्रकाराच्या हाताच्या कंपापुरता आहे. गोव्यातील शिगम्याच्या मिरवणुकीत घोडेमोडणीचे (कमरेला लाकडी घोडा बांधून करायच्या लोकनृत्याचे) नर्तक झपाट्याने गिरक्या घेत असतात, तेव्हा कॅमेरा कितीही स्थिर असला तरी १/५० ला त्यांचे हातपाय पुसट येणारच, आणि ते स्पष्ट हवे असतील तर १/५०० च्या आसपास जावे लागते.

या चर्चेत न आलेली अडचण नेमकी तिथेच सुरू होते. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, जे डोळ्यांना जाणवत नाही; पण शटर १/१०० सेकंदाहून वेगवान असले की चित्रात आडवे काळपट पट्टे उमटतात किंवा लागोपाठच्या फोटोंचा उजेड आणि रंग बदलत राहतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये (जिथे पडदा हलत नाही) सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बहुधा ओळीओळीने वाचला जात असल्याने हा दोष अधिक ठळक दिसतो. पणजी किंवा म्हापशाच्या रस्त्यावरील रोषणाईत म्हणून मी आधी मेकॅनिकल शटर निवडतो, १/१०० वर येतो आणि गिरकी संपून नर्तक क्षणभर थबकतो तेव्हाच बटण दाबतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती अवश्य सुरू करावी, कारण मग दिवा सर्वाधिक उजळलेल्या क्षणीच शटर उघडते आणि १/५०० सुद्धा बराचसा निर्धोक ठरतो.