मदत हवी आहे: मंडळीला (चर्चला) गाडी देतो, डिझेलचं कसं बोलू?
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची पिकअप मंडळीच्या कामाला देतो, संडे स्कूलची पोरं, कन्व्हेन्शनचा मंडप, दफनविधीची माणसं, कशालाच नाही म्हणत नाही, पण डिझेल कुणी टाकत नाही आणि मागच्या वेळी तर ताडपत्री फाटून आली. मिसेस म्हणते स्पष्ट सांगा. आता बायबलमध्ये १ पेत्र ४:९ म्हणतं कुरकुर न करता पाहुणचार करा, लगेच पुढच्या वचनात चांगले कारभारी व्हा, आणि २ करिंथ ८:१३ मध्ये पौल म्हणतो दुसऱ्याला आराम नि तुमच्यावर ओझं असं नको. मग कारभाऱ्याने खर्च मागितला तर चालतं ना? आधी पाळकसाहेबांशी बोलू की थेट कमिटीत मांडू? तुमच्याकडे काय पद्धत आहे?