प्रबंध मागे पडत नाही

धोरण-संशोधन संस्थांतल्या उन्हाळी फेलोशिपमुळे पीएचडीचा प्रबंध तीन महिने मागे पडतो, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. रँड या अमेरिकेतल्या धोरण-संशोधन संस्थेत पीएचडीचे विद्यार्थी उन्हाळ्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली धोरणविषयक कामच करतात, आणि तेही पगारी. ऑस्ट्रियात लॅक्सेनबर्गच्या 'इयासा' या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा असा कार्यक्रम तर १९७७पासून चालू आहे, जून ते ऑगस्ट. पेन्शन किंवा बेघरांच्या प्रश्नावर संशोधन करणाऱ्याला अशा ठिकाणी चाळीस पानांचं प्रकरण दोन पानांत, अधिकाऱ्याला कळेल असं मांडायला शिकता येतं. फेलोशिपमधलं माझं पहिलं टिपण परत आलं तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं, "मग करायचं काय?" प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या प्रश्नातूनच उभं राहिलं. घरभाडं मानधनातून भरायचं की वेगळं मिळतं, हे मात्र अर्जाआधी विचारून घ्याच.