‘राख टाका, जमीन सुधारा’वाल्यांनी आधी टनांचा हिशेब करावा

नांगरट (धागाकर्ते)

‘पाटपाणी’ यांनी काल लिहिलं की वीजकेंद्रातली फ्लाय अ‍ॅश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) म्हणजे फुकटातलं खत, तिच्यात नत्र (नायट्रोजन) सोडून सगळं आहे, हेक्टरी २०० टन टाका आणि जमीन कायमची सुधारा. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

‘नत्र सोडून सगळं’ असं एखाद्या खत कंपनीने छापलं असतं तर आपणच तिला सोलून काढलं असतं. कोळसा भट्टीत जळतो तेव्हा नत्र जातो आणि सेंद्रिय कर्बही जवळजवळ सगळा जातो. म्हणजे बहुतेक जमिनींना ज्याची भूक असते तेच नेमकं नाही. स्फुरद (फॉस्फरस) असतं, पण पिकाला त्यातलं फार थोडं लागू होतं. बाकी सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोह, कमीजास्त चुना. आणि हो, बोरॉन. ताज्या राखेतला बोरॉन पाण्यात चटकन विरघळतो. पिकाला तो नखभर हवा असतो, त्यापुढे पानांच्या कडा करपतात. घेवडा तर सगळ्यात आधी.

आता टन. एका हेक्टरचा वरचा १५ सेंमी थर ढोबळ मानाने २,००० टनांचा. त्यात २०० टन म्हणजे दहा टक्के. याला खत नाही, भराव म्हणतात. युरिया जास्त झाला तर एक हंगाम वाया जातो. ही राख परत गोळा कशी करणार, तेवढं सांगा.

पाटपाणी

अर्धं वाक्य उचलून झोडपायची तुमची सवय जुनी आहे. मी ‘भारी चिकण जमीन’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ते कुठे गेलं?

राखेचे कण बरेचसे पोयट्याच्या (वाळूपेक्षा बारीक, चिकण मातीपेक्षा जाड) मापाचे, पुष्कळसे गोल, आणि राख मातीपेक्षा हलकी. चिकण मातीत मिसळली की माती मोकळी होते, पाणी मुरतं. वाळूसर जमिनीत उलट, ओल धरून ठेवते. मातीचा पोतच बदलायचा तर एकदोन टक्क्यांनी काही होत नाही, म्हणून २०० टन. माझ्या चिकण तुकड्यात पेरणीनंतर सर पडली की पपडी धरायची आणि कोंब खालच्या खाली वाकायचे. राख घातल्यापासून ती कटकट संपली. बोरॉनचं म्हणाल तर मी ताजी राख टाकलीच नाही. उघड्यावर पावसाळे खाल्लेली जुनी राख आणली. तिच्यातला बोरॉन बराच धुऊन गेलेला असतो. हे तुम्हाला ठाऊक असूनही लिहिलं नाहीत.

झरा

धुऊन गेला तो कुठे गेला हो?

प्रत्येक धाग्यावर मी हेच विचारते आणि प्रत्येक वेळी ‘विषय मातीचा आहे ताई’ असं ऐकते. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात बेल्यूज नावाचं तळं आहे. १९७० च्या दशकात वीजकेंद्राच्या राखतळ्याचं (राख पाण्यात कालवून साठवायच्या तळ्याचं) पाणी त्यात जायचं. राखेतून पाण्यात उतरलेल्या सेलेनियमने माशांचं प्रजनन बसलं, २० पैकी १९ जाती गेल्या. मातीवालेच तेवढे शेतकरी, आणि विहीर कुणाची?

पाटपाणी

ते राखतळ्याचं पाणी होतं, शेतातलं नाही. फरक आहे.

झरा

फरक प्रमाणाचा आहे. पाण्याला खाली जायला परवाना लागत नाही.

शंकासुर

राख किरणोत्सारी असते, हे कोणी बोलणार आहे की नाही? युरेनियम! थोरियम!

रसायनी

असतात दोन्ही. कोळसा जळल्यावर मागे उरतात म्हणून राखेत त्यांचं प्रमाण वाढतं. पण बहुतेक राखेचा किरणोत्सार ग्रॅनाइट, शेल अशा खडकांच्याच पट्ट्यात बसतो. तुम्ही ग्रॅनाइटच्या ओट्याला घाबरत असाल तर राखेलाही घाबरा.

मुळात राख म्हणजे कोणती राख? सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ४.५ पासून १२ पर्यंत काहीही असू शकतो. लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) राखेत चुना पुष्कळ, बिट्युमिनस कोळशाच्या राखेत कमी. चुनखडी जमिनीत अल्कधर्मी राख ओतली तर लोह, जस्त पिकाला मिळेनासं होणार. शिवाय सामू चढला की आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम जास्त सुटे होतात. त्या रानात चारा घेतलात तर मॉलिब्डेनम गुरांच्या पोटात जातं आणि त्यांना तांब्याची कमतरता होते. माती तपासल्याशिवाय ‘राख टाका’ म्हणणारा आणि ‘राख नकोच’ म्हणणारा, दोघेही माझ्या लेखी सारखेच.

आमच्या भावकीतल्या एकाने जास्त चुन्याची राख ढीग लावून ठेवली. पसरायच्या आत पाऊस आला. ढीग फोडायला पहार लागली.

राखुंडी

एवढी चर्चा कशाला? माझी आजी जन्मभर परसातल्या भाजीला चुलीची राख घालायची. काही झालं नाही, उलट वेल मांडवाबाहेर जायचे. जुन्या लोकांना अक्कल नव्हती का?

नांगरट

आली आजी! लाकडाची राख वेगळी, कोळशाची वेगळी. चुलीच्या राखेतलं पालाश (पोटॅशियम) पाण्यात विरघळतं. झाडाने जमिनीतून उचललेलं जमिनीला परत.

राखुंडी

कोळसापण झाडांचाच ना? की शाळेत दुसरं काही शिकवतात?

रसायनी

प्रश्न चांगला आहे. उगाच ‘आली आजी’ करू नका. कोळसा झाडांचाच, पण त्या दलदलीत चिखल-गाळही बसला. राखेचा मोठा भाग त्या गाळाचा. वर भट्टीचं तापमान इतकं की खनिजं वितळून काच होते आणि पालाश तिच्यात अडकून बसतं. चुलीत तेवढी आंच नसते.

राखुंडी

म्हणजे आजी बरोबर होती.

नांगरट

आजी बरोबरच होती, कारण आजी घमेल्याने राख टाकायची! लाकडाची राख वजनाच्या टक्काभर निघते. २०० टन राखेसाठी आजीला २०,००० टन लाकूड जाळावं लागलं असतं.

राखुंडी

माझ्या आजीची टिंगल करायचं कारण नव्हतं. तुमच्या घरी गॅस आला म्हणून तुम्ही शहाणे झालात.

पाटपाणी

बघा, आता आजीवर भांडताय. माझ्या पपडीबद्दल कोणी बोलेना.

नांगरट

बोलतो. पपडी कमी झाली असेल, मान्य. पण म्हणजे जमीन चिकण हवी, सामू बघायला हवा, राख जुनी आणि तपासलेली हवी, जोडीला शेणखत हवं, चारा घ्यायचा नाही, शेजारी विहीर नको. एवढ्या अटींवर तुमची राख चालते. लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा इतक्या अटी नसतात. काल मात्र तुम्ही ‘टाका आणि सुधारा’ लिहून मोकळे झाला होता.

पाटपाणी

शेणखत मीही घातलंच होतं.

नांगरट

वा! मग पपडी शेणखताने गेली नाही कशावरून? शेजारी नुसत्या शेणखताचा वाफा ठेवला होता का?

पाटपाणी

माझं रान म्हणजे तुमचं संशोधन केंद्र नाही. तरी माती परीक्षण करून घेतो, बोरॉन आणि मॉलिब्डेनमसकट. अहवाल इथेच डकवेन, मग बघू.

झरा

मातीचा एकट्याचा नको. विहिरीच्या पाण्याचाही डकवा, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा.