चार वर्षांचं मूल पेन्सिलीला हात लावत नाही : थांबायचं की रोज बसवायचं?

रेघोट्या
साडेतीन ते पाच वर्षांची काही मुलं कागद-पेन्सिल दिसली की उठून पळतात. मग घरात दोन तट पडतात : "येईल आपोआप" आणि "रोज बसवल्याशिवाय सवय कशी लागणार?" माझं ठाम मत, पाच वर्षांपर्यंत अक्षरं गिरवून घेऊच नयेत.

आकार बघून काढण्याचा एक क्रम असतो. उभी रेघ साधारण दुसऱ्या वर्षी, आडवी अडीचला, गोल तिसऱ्या वर्षी, अधिकाची खूण चौथ्याच्या आसपास, चौकोन साडेचारला. तिरकी रेघ आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. आता 'र' बघा. अर्धगोल संपतो तिथेच तिरकी रेघ सुरू होते. जे मुलाला सुटंसुद्धा जमत नाही, ते आपण एका दमात मागतो. मूल पळणारच.

त्याऐवजी भिंतीवर मोठा कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदा काम करू लागतो. सोबत मेणखडूचे २-३ सेंमीचे तुकडे द्या. एवढ्याशा तुकड्यावर मूठ वळत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. पकड सुधारायला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पाटीपेन्सिल
भिंत आणि तुकडे मान्य. "पाचपर्यंत अक्षर नको" हे अमान्य. मनगटाची हाडं अजून कच्ची असतात, असं सांगून हल्ली सगळंच पुढे ढकललं जातं. ती हाडं पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागतात हे खरं, पण त्याच मनगटाने मूल मणी ओवतं, स्टिकर सोलतं. कोणी दाखवलं नाही म्हणून मूल रेघ काढायची थांबत नाही, स्वतःची पद्धत बसवतं. गोल खालून वर, पेन्सिल मुठीत. ती सवय मुरली की मोडायला फार वेळ लागतो.

रोज पाच मिनिटं, एकच आकार. समोर बसू नका, मुलाला उलटं दिसतं, शेजारी बसा. पाटीवर वीतभर मोठं अक्षर काढा, मुलाला बोटभर ओला स्पंज द्या, त्याने ते पुसत जायचं. नंतर कोरड्या स्पंजाने तोच मार्ग. चुकलेलं पाणी वाळून जातं, त्यामुळे धास्ती राहत नाही. ताटात वाळू घ्याल तर थर अर्धा सेंमीच ठेवा, जाड झाला की कडा ढासळून रेघ बुजते.

रेघोट्या
स्पंज चांगलाच आहे. पण घरोघरी "लिहून घेणं" म्हणजे टिंबांची वही. तिथे मुलाचं लक्ष पुढच्या टिंबावर असतं, हात प्रत्येक टिंबाशी थांबतो. 'ठ' पूर्ण दिसतो, पण तो दोन उलट्या दिशांच्या अर्ध्या गोलांनी जोडलेला असतो. वही भरते, वळण येत नाही.

कोराकागद
तुम्ही दोघं उपाय सांगताय, पण मूल नकार का देतंय ते आधी बघायला हवं.

भिंतीवर रंगवतं, टेबलाशी बसत नाही? पाय लोंबकळत असतील. अधांतरी पाय असले की शरीर तोल सांभाळण्यात दमतं. पायाखाली ठोकळा ठेवा, टेबल कोपराच्या उंचीचं हवं. रेघ फिकट उमटते म्हणून कंटाळतं? साधी एचबी पेन्सिल काढून घ्या. मऊ ४बी किंवा जाड स्केचपेन द्या, कमी दाबातही ठळक उमटतं.

सगळ्यात अवघड मूल ते, जे "तूच काढून दे" म्हणतं. मोठ्यांनी सुबक हत्ती काढून दिला की त्याला स्वतःची रेघ टाकाऊ वाटू लागते. हत्ती काढू नका. एक रेघ तुम्ही टाका, पुढची त्याने, आळीपाळीने. आणि "हे काय काढलंस?" हा प्रश्न तिसऱ्या वर्षी चुकीचाच, त्या रेघोट्यांना अजून विषय नसतो. "ही रेघ इथून कुठे गेली?" असं विचारा, मूल बोटाने पुन्हा तो प्रवास दाखवतं.

डावखुऱ्या मुलाचा कागद मध्यापासून जरा डावीकडे आणि डावा वरचा कोपरा उंच ठेवा, नाहीतर स्वतःच्याच हाताने लिहिलेलं झाकलं जातं. पाच वर्षं उलटूनही बघून गोल काढता येत नसेल, तर व्यवसायोपचारतज्ज्ञांना (ऑक्युपेशनल थेरपिस्टना) दाखवावं.

पाटीपेन्सिल
बैठकीचा मुद्दा पटला. अक्षरांबाबत मात्र मी हटत नाही. चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर हवं असतं. ते द्या. पुढे वर्णमालेच्या क्रमाने न जाता वळणाच्या घराण्याने जा, म्हणजे सारख्या वळणाची अक्षरं एकत्र : व-ब-क, मग ग-म-न. शिरोरेघ शेवटी.

रेघोट्या
मुलाने मागितलं तर नाव द्यावं, इथवर मी येते. घराण्यांची यादी मात्र तिरकी रेघ जमेपर्यंत बाजूलाच राहू दे.