सिमिऑन सॉलोमनची चित्रं बघताना त्याची अटक आठवायलाच हवी का?

निळी शाई: लंडनचा चित्रकार सिमिऑन सॉलोमन. जन्म १८४०, ज्यू घराणं, रॉयल अकॅडमीत शिकलेला, चित्रकार बर्न-जोन्स, कवी स्विनबर्न यांच्यात ऊठबस. फेब्रुवारी १८७३मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या मुतारीत एका पुरुषाबरोबर पकडला गेला; समलैंगिक संबंध तेव्हा गुन्हा होता. शंभर पौंड दंड, आणि सगळा मानमरातब धुळीला. १९०५मध्ये गेला तो अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसात. हल्ली त्याच्यावरचं काहीही वाचा, आधी मुतारी, मग चित्रं. रंग बघा, रेषा बघा. पोलिसांची डायरी भिंतीवर कशाला टांगायची?

तिरकस: बरं, रेषाच बघू. सॅफो आणि एरिना या प्राचीन ग्रीक कवयित्रींचं जलरंगातलं चित्र १८६४चं, म्हणजे अटकेच्या नऊ वर्षं आधीचं. सॅफोने एरिनाला कवेत घेतलंय, एरिनाच्या खांद्यावरून वस्त्र ओघळलंय, जवळच कबुतरांची जोडी. यात पोलिसांनी काय घुसडलं? तुम्ही ‘फक्त रंग बघा’ म्हणता तेव्हा नेमकं एवढंच झाकायला सांगता.

निळी शाई: झाकायला कुठे सांगतोय? ग्रीक देवादिकांच्या नावाखाली तेव्हा सगळेच अंग उघडं टाकत होते. प्रत्येक मिठी म्हणजे कबुलीजबाब धरलात तर अर्धी अकॅडमी पिंजऱ्यात उभी करावी लागेल.

जुनं ग्रंथालय: कबुलीजबाब मागतंय कोण? कलासमीक्षक वॉल्टर पेटरचा १८७६चा लेख काढा, डायोनायसस म्हणजेच बॅकस या ग्रीक मद्यदेवतेवरचा. त्यात सॉलोमनच्या ‘बॅकस’ची दखल आहे, पण चित्रकार कोण, तर ‘एक तरुण हिब्रू चित्रकार’. नाव गायब! स्विनबर्नने तर संबंधच तोडले. शाईसाहेब, चित्र ठेवा आणि माणूस वगळा हे तुमचं धोरण पेटरने तेव्हाच राबवलंय. मला तरी त्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा भीतीच जास्त दिसते.

निळी शाई: भीती असेल. पण त्या एका ओळीने चित्र जिवंत राहिलं. लेखक ऑस्कर वाइल्डकडेही सॉलोमनची चित्रं होती. १८९५मध्ये अशाच आरोपाच्या खटल्यापायी त्याच्या घरचं सामान लिलावात निघालं, त्यात तीही गेली, आणि तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तो त्यांच्यासाठी हळहळतो. ही माणसं एकमेकांना ओळखत होती ती चित्रांवरून, आरोपपत्रावरून नव्हे.

तिरकस: अहो, हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात! चित्रांवरून ओळख पटत होती म्हणजे चित्रांत काहीतरी होतंच ना?

काठावरची: जॉर्ज रॉबर्ट्स. तबेल्यात काम करणारा माणूस. सॉलोमनबरोबर पकडला गेला तो हा, ज्याला वर ‘एका पुरुषाबरोबर’ म्हणून उरकलंय. सौंदर्याच्या गप्पा जोरात चालल्यात, पण त्याचं नाव कोणाच्या तोंडी नाही.

निळी शाई: त्याच्यावर वेगळा धागा काढा, जरूर वाचेन. पण तो सापडणार पोलिसांच्याच कागदांत. सॉलोमनची निदान चित्रं आहेत. आणि इतक्या प्रतिसादांनंतरही ‘बॅकस’च्या चेहऱ्यावर कोणी एक ओळ लिहिलेली नाही.