भावाच्या बॅगेत बल्बची केलेली काचेची नळी सापडली, काय करू?

सिडकोची_ताई
नमस्कार सगळ्यांना. नाशकातल्या सिडकोत राहतो आम्ही, आई मी आणि लहान भाऊ. तो 19 चा आहे, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. काल त्याची बॅग धुवायला काढली तर पुढच्या कप्प्यात हातरुमालात गुंडाळलेला एक बल्ब निघाला, आतून पोकळ, बूड काळंकुट्ट, तोंडाला नळी चिकटवलेली. आधी वाटलं कॉलेजच्या प्रोजेक्टचं असेल काहीतरी, मग मोबाईलवर शोधलं, ड्रग ओढायला असली नळी करतात म्हणे, आणि हातपाय गार पडले. गेले दोनेक महिने रात्री अडीच तीनला पण जागाच असतो, जेवत नाही, गालफडं बसलीत, ओठाला फोड आलाय, तर आई म्हणते उष्णतेचा असेल. पप्पा कोविडमध्ये गेले आमचे, घरात मोठी मीच. फोडून टाकू का ते? पोलिसांत कळलं तर पोराचं आयुष्य वाया जाईल का? आईला बीपी आहे, तिला सांगायची हिंमत होत नाहीये. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

लॅबवाले_काका
ताई, मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये 22 वर्षं काढली, त्यामुळे काचेबद्दल तेवढं ठामपणे बोलतो. लॅबमधली तापवायची काच वेगळी असते, बोरोसिलिकेट, ती तापली तरी फार प्रसरण पावत नाही. बल्बची काच साधी, ती तापल्यावर जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, वर कागदासारखी पातळ. एका बाजूला आच आणि दुसरी बाजू गार असली की तडकते, आणि इथे ती तडकणार ती तोंडाजवळ. पांढऱ्या बल्बला आतून पावडरीचा थर असतो तो श्वासातून आत जातो, आणि सीएफएल असेल तर त्यात पारा असतो, तो तर फुटला तरी खोली मोकळी करून खिडक्या उघडायच्या असतात. नळी चिकटवलेली म्हणताय, प्लास्टिक आणि चिकटपट्टी तापली की त्याचा धूर वेगळाच. ओठाचा फोड उष्णतेचा नसावा ताई, भाजलेलं असणार. हुंगून बघायला जाऊ नका, उघड्या हाताने धरू पण नका.

पंचवटीकर_07
सरळ दोन कानाखाली द्या आणि महिनाभर खोलीत कोंडून ठेवा, फोन काढून घ्या. आमच्या वेळेला असलंच होतं, पोरं सुधारायची.

नवा_दिवस
दादा, राग येऊ देऊ नका पण मला घरच्यांनी कोंडून ठेवलं होतं म्हणून सांगतो, नाही होत त्याने. ताई, तुमच्या भावाच्या जागी मी होतो, आज 4 वर्षं 7 महिने झाले काही घेतलेलं नाही. माझ्या मोठ्या भावाने माझी काच माझ्यासमोर आपटून फोडली होती आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दुसरी होती, कारण ती भंगारातनंच बनते, वस्तू संपवून काही संपत नाही. त्या दिवशी मी एकच शिकलो, की घरात काही सापडू द्यायचं नाही, त्याच्यानंतर दोन वर्षं घरच्यांना पत्ता नव्हता. मला तोडलं ते आईच्या एका वाक्याने, ती रात्री उशाशी येऊन बसली आणि म्हणाली तू झोपत नाहीस ते मला दिसतंय, मी पण झोपत नाही. बस एवढंच. ओरडली असती तर मी नक्की खोटं बोललो असतो.
तुम्ही पण तसंच बोला, तो शुद्धीत असताना, पोट भरलेलं असताना, मित्र समोर नसताना. कोणाकडून आणलं हे पहिल्या दिवशी विचारू नका, तिथेच पोरगं गप्प होतं. आणि आईला सांगा ताई, एकटीने ओढू नका हे.

रात्रपाळी_सिस्टर
नर्स आहे मी, तीन गोष्टी पटकन लिहिते. नाशकात सध्या एमडी म्हणजे मेफेड्रोनचं नाव जास्त ऐकू येतं, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावातला कारखाना पकडला ते आठवत असेल सगळ्यांना. पण तुमचा भाऊ काय घेतोय ते त्या बल्बवरून ठरवू नका. झोप उडणं, भूक मरणं, संशय घेणं, मग दोन दिवस मेल्यासारखं पडून राहणं हे एमडीसारख्या उत्तेजक ड्रगमध्ये दिसतं. मेडिकलमधनं युरिनचं किट आणून टेस्ट कराल तर साध्या किटमध्ये मेफेड्रोन बऱ्याचदा येतच नाही, निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ब्राऊन शुगर म्हणजे हेरॉईन सोडवायला ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी असते तशी एमडीला नाही, तिथे समुपदेशन, झोपेची आणि डिप्रेशनची ट्रीटमेंट आणि फॉलोअप यावरच सगळं असतं, आणि सोडल्यावरचे पहिले काही आठवडे मन फार खाली जातं तेव्हा एकटं सोडू नका त्याला.
अंग तापलं, छातीत धडधड, फिट, बरळायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन. आणि धाप किंवा खोकल्यातून रक्त आलं तर छातीचा एक्सरे लगेच.
सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, त्रिंबक रोडला. त्याआधी फोनवर बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय, तिथे कुटुंबालाही बसवून समजावतात.

कोर्टाजवळचा
वकील आहे, कायद्यापुरतं लिहितो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा 1985 चा आहे, सेवनाला कलम 27, पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात 64ए आहे, फक्त सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं प्रकरण असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला हे लागू नाही. उपचाराला जायला म्हणून घाबरू नका, डॉक्टरांकडे जाणं हीच तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे.

सिडकोची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. फोडलं नाही काही. रात्री त्याच्या आवडीची मासवडी केली, जेवण झाल्यावर गच्चीत घेऊन गेले आणि नवा दिवस दादांनी सांगितलं तसंच म्हणाले, की तू झोपत नाहीस ते मला दिसतंय. पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग रडायला लागला, म्हणाला ताई मला थांबता येत नाहीये. पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा रडताना बघितलं त्याला. ओठ भाजलाय हे पण त्यानेच सांगितलं. आईला सकाळी आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. 14446 ला फोन झालाय, सोमवारी सिव्हिलला जातोय. सिस्टर, ओपीडीला किती वाजता नंबर लावायला जाऊ आणि त्याच्यासोबत आत मी बसू शकते का?