मदत हवी आहे : यातली खरी निर्गुडी कोणती?

मंडळी, आईचे गुडघे सुजतात. आजी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून शेकायची. तेच करायचं म्हणून गावी गेले, तर दोन झुडपं सापडली आणि दोन्हींना लोक निर्गुडीच म्हणतात.

पहिलं शेताच्या बांधावर. एका देठाला बहुतेक पाच पानं, पण त्याच फांदीवर तीन पानांचेही देठ आहेत, म्हणून नुसती पानं मोजून भागत नाही. मधल्या पानाला स्वतःचा छोटा देठ, कडा कुठे सरळ तर कुठे दातेरी. पान उलटलं की खालून पांढुरकं, पीठ भुरभुरल्यासारखं.

दुसरं खाडीकडेला. पानं तीनच, देठाविना थेट चिकटलेली, टोकाला जरा बोथट. खालून हेही पांढुरकंच. फुलं दोन्हींची निळसर जांभळी, चुरगळल्यावर वासही तितकाच उग्र.

माझा अंदाज असा की बांधावरची व्हायटेक्स निगुंडो आणि खाडीकडची व्हायटेक्स ट्रायफोलिया. पण आईच्या पायाला लावायचं आहे, अंदाजावर नको वाटतं.

मधल्या पानाचा देठ ही खूण भरवशाची आहे का? शेकायला दोन्ही चालतात का? आणि पांढऱ्या फुलांचा 'सिंदुवार' जुने वैद्य वेगळा मानत, तो कोकणात कुणी पाहिलाय का? जाणकारांनी कृपया सांगा. आठवड्याभरात पुन्हा गावी जातेय, तेव्हा फांदी आणून कुंडीत लावायची आहे.